साडूंचा धूर आणि माझा जळफळाट

माझ्या साडूंइतकी देखणी सिगारेट ओढणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नाही, आणि सिगारेट किती वाईट हे त्यांच्याइतकं नीट सांगणाराही. मी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. पण त्याबद्दल कोणी माझं कौतुक केल्याचं आठवत नाही. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे आणि मी पाटबंधारे खात्यात कारकून. घरातलं कुठलंही लग्न असो, कार्यालयाच्या बाहेर त्यांच्याभोवती कोंडाळं जमलेलं असायचं आणि मी आत सासूबाईंची पिशवी सांभाळत बसलेलो असायचो.

सिगारेट ओढता ओढताच ते तिची करणी समजावून सांगत. "रक्तवाहिनीला आतून गुळगुळीत अस्तर असतं. ते अस्तर थोडाथोडा वायू सोडतं, त्यानं नळी सैल राहते. आता या धुरात असतात अर्धवट रेणू, एकेक इलेक्ट्रॉन कमी पडलेले. ते दिसेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढतात. तो वायू संपवतात, अस्तर खरवडतात, रक्तातली चरबी बिघडवतात. बिघडलेली चरबी अस्तराखाली साठते आणि नळी आवळत जाते." एवढं सांगून एक झुरका. एकदा मी विचारलं, "मग तुम्ही का ओढता?" "विषय कच्चा राहू नये म्हणून," ते म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. प्रश्न माझा होता, हशा त्यांना मिळाला.

हेही मी सोसलं असतं. पण माझी मुलगी सातवीत असताना तिनं मला विचारलं, "बाबा, चिरलेलं सफरचंद तांबूस का पडतं?" मी म्हणालो, "झाकून ठेवलं नाहीस म्हणून." साडूंनी त्याच प्रश्नावर अख्खी दुपार घालवली. एका फोडीवर लिंबू पिळलं, दुसरी तशीच ठेवली आणि दोघं ताटलीपुढे मांडी घालून बसले. पुढे तिनं केमिस्ट्री घेतली. निकाल लागला की पहिला फोन काकांना. मला तो बायकोकडून कळायचा.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे पांडवलेणीला गेलो. साडू दहावीस पायऱ्या चढायचे, थांबायचे आणि एखादा किस्सा काढायचे. मंडळी त्यांच्याभोवती बसायची. मी मात्र कुठेही न थांबता थेट वर गेलो. वर पोचल्यावर लक्षात आलं, बघायला कोणीच नाही. खाली उतरलो तेव्हा सगळे हसत होते, फक्त माझी मुलगी हसत नव्हती. घरी आल्यावर तिनं हळूच विचारलं, "काका, गोष्ट सांगताना दर वेळी तुमचा हात पोटरीवर का जातो?"

"चढताना गोळा येतो. थांबलं की जातो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

साडूंनी हातातली सिगारेट विझवली. 

डॉक्टरांनी घोट्याशी रक्तदाब मोजला, मग यंत्रावर पायाच्या वाहिन्या पाहिल्या. दोन्ही पायांत त्या अरुंद झाल्या होत्या. ते कागदावर काढून दाखवायला लागले तर साडूंनी त्यांची आकृती दुरुस्त केली. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला. माझी तपासणी असते तेव्हा डॉक्टर मान वर करत नाहीत. पण चहा संपल्यावर ते म्हणाले, "सर, सिगारेट आजच बंद. नाहीतर पाय वाचेल याची खात्री मी देणार नाही." गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. सुरुवातीला सोबत कोणीतरी हवं. मेहुणीबाईंचे गुडघे दुखतात. मुलगी पुण्याला निघाली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जाल?"

तेव्हापासून रोज सकाळी गंगापूर रोडला आम्ही दोघं. सिगारेटशिवाय साडूंना गोष्ट सांगता येईना. टपरी आली की ते चिडचिडे व्हायचे. एकदा तर त्यांनी एक विकत घेतलीच, बराच वेळ बोटांत धरली आणि "धरा," म्हणून माझ्या हातात दिली. नेमका त्याच वेळी आमच्या ऑफिसातला शिपाई समोरून गेला. त्या दिवसापासून ऑफिसात मला जरा मान आहे.

त्याच सकाळी पोटरी चोळता चोळता ते म्हणाले, "तुमचा मला फार हेवा वाटतो."

"माझा?"

"लेण्यांवर तुम्ही न थांबता चढलात ना. मी किस्से सांगत होतो, पण लक्ष तुमच्या पायांकडे होतं."

पंचवीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला टपून बसलो होतो. ऐकल्यावर काहीच बरं वाटलं नाही. मी सिगारेट मोडून गटारात टाकली आणि म्हणालो, "चला, गोळा उतरला असेल."

आता ते बरंच अंतर एका दमात जातात. बिघडलेली वाहिनी नवी होत नाही, पण आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून रक्ताला वाट करून देतात, असं तेच सांगतात. परवा बायको सहज म्हणाली, "ताई सांगत होती, डॉक्टरांनी दाजींना एकट्यानं फिरायला कधीच परवानगी दिली आहे. दोन महिने झाले." साडू मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. सकाळी सहाला ते फाटकाशी उभे असतात आणि मी चपला घालून निघतो.