देवगावची कणसं आणि माझं मौन

देवगाव रंगारीला निघताना आईची एकच अट होती: मी तोंड उघडायचं नाही. धाकट्या भावासाठी, गणेशसाठी मुलगी बघायला चाललो होतो. मागच्या वेळी सिल्लोडला मुलीच्या आईच्या साडीचं कौतुक करता करता मी सांगून बसले, की रेशमासाठी किडे जिवंत उकळतात. स्थळ मोडलं. काही नवं कळलं की माझ्या पोटात राहतच नाही, काय करू?

बजाजनगरहून जाणार असाल तर सकाळी आठच्या आत निघा, नाहीतर दौलताबादच्या जुन्या दरवाजात गाड्या अडकतात. आम्ही नऊला निघालो आणि अडकलो. वेरूळच्या पुढं भाजलेली कणसं घेतली, वीस रुपयांना एक. विकणारी बाई म्हणाली, "ओळी मोजा ताई. कवाबी जोडीनंच असत्यात." मोजल्या. माझ्या चौदा, गणेशच्या सोळा.

आई पुढच्या सीटवरून वळली. "तिथं सांगायचं नाही."

मुलीच्या ओसरीसमोरच मक्याचा हा ढीग! मी पोह्यांबरोबर शब्दही गिळत होते. मुलगी, वैशाली, येऊन बसली. गणेश फरशी बघत राहिला. मग तिचे वडील हात जोडून म्हणाले, "आमचं काय चुकलं का? नणंदबाई बोलंना झाल्या, घरात बाया घाबरल्यात."

आधी बोलून स्थळ घालवलं, आता गप्प बसून. आईनं कोपर मारलं. "बोल आता."

आणि तोंडातून निघालं, "कणसाच्या ओळी कायम सम असतात."

"तीस वर्षं मका पिकवतो, कधी मोजलं नाय," म्हणत ते ढिगाकडे गेले. मागोमाग अख्खं घर. पोहे गार झाले.

"तुमच्या किती?" वैशालीनं विचारलं.

"पंधरा," ढिगातलं कणीस हातात फिरवत गणेश म्हणाला.

"आणा इकडं." तिनं मोजल्या. सोळा भरल्या. दोघं हसले. तोवर एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

घरी आल्यावर तीन दिवस फोन नाही. आई माझ्याशी बोलेना. या पोराचं माझ्यापायी कुठंच जमणार नाही, या विचारानं मला जेवण जाईना. चौथ्या दिवशी वैशालीच्या वडिलांचा मला फोन आला. मी तो स्पीकरवर लावला.

"ढीग संपला ताई. एकबी विषम नाय निघालं. अन् वैशाली म्हणती, पाव्हण्यांना मोजता येत नाय, पण चालतील."

आई साखरेचा डबा आणायला उठली. जाता जाता म्हणाली, "बस्त्याला तू येऊ नकोस."