चुंबक लावून घेतलेलं सिंक

दुकानदार गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप खिशात जातो. पाकिटाकडे नव्हे, चुंबकाकडे. धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी उभी हयात नोकरीत गेली. आलेला माल सांगितला तसा आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर परत धाडायचा, हे माझं काम. चांगल्या स्टीलला चुंबक धरत नाही, हलक्याला धरतं, हे तिथेच शिकलो. निवृत्त झालो त्या दिवशी स्टोअरमधलं अंगठ्याएवढं चुंबक डब्याच्या पिशवीतून माझ्याबरोबर रोह्याला घरी आलं. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही वस्तू परीक्षा दिल्याशिवाय आत आलेली नाही.

मागच्या वर्षी बायकोच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी खाली बसणं बंद करायला सांगितलं. आमच्याकडे भांडी मोरीत, पाटावर बसून घासायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तशीच घासत होती. ती म्हणाली, "अहो, गणपतीच्या आधी ओट्यावर सिंक बसवून द्या. यंदा गौरीची भांडी मला उभ्याने घासायची आहेत." तिने स्वतःसाठी असं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. त्यामुळे मला पहिली शंका ही आली, की हिच्या डोक्यात हे भरवलं कोणी?

भरवलं होतं प्लंबरने. रोह्याजवळच्या निडी गावचा माणूस. नळ दुरुस्त करायला आला तेव्हा त्याने ओट्यावर टेप धरून, सिंक इथे आरामात बसेल, असं तिला दाखवलं होतं. वर रोह्यातलं एक दुकानही सुचवलं. म्हटलं, आलं लक्षात! ह्याचं आणि त्या दुकानदाराचं साटंलोटं असणार. शिवाय बोलता बोलता त्याने सांगितलं, की तोही दोन वर्षं धाटावला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. कॉन्ट्रॅक्टची माणसं मला माहीत होती. शिफ्ट सुटली की गेटवर त्यांच्या पिशव्या उघडून बघत, आणि स्टोअरमध्ये काही कमी भरलं की नीट बघा रे म्हणून सांगणारा मीच असायचो.

म्हणून सिंक घ्यायला आम्ही रोहा सोडून पेणला गेलो. बायकोने पर्समध्ये सुतळीचा तुकडा घेतला होता. मोदकपात्राची रुंदी मोजून तिने त्याला गाठ मारली होती. ती एकेका सिंकमध्ये सुतळी धरून बघत होती आणि मी एकेकाच्या काठाला चुंबक लावत होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, तीनशे चार नंबरचं स्टील आहे, डोळे मिटून घ्या." डोळे मिटून घ्या म्हणणाऱ्याकडून मी डोळे फाडून घेतो. पहिल्या तीन सिंकांना चुंबक चटकन धरलं. चौथ्याच्या काठावरून ते घसरून खाली पडलं, आणि नेमकी त्याच सिंकमध्ये सुतळीची गाठही बसली. बायको दुकानातच खुदकन हसली. परतीच्या एसटीत सिंक मी मांडीवर घेऊन बसलो. "मागं ठेवा ना, काका," म्हणणाऱ्या कंडक्टरकडे मी असं बघितलं की तो तिकिटं फाडत पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी तोच निडीचा प्लंबर आला, बायकोने त्यालाच सांगून ठेवलं होतं. मी समोर खुर्ची टाकून बसलो. त्याने कटरने ओट्याचं ग्रॅनाइट कापायला घेतलं, घरभर धूळ झाली, पण मी हललो नाही. "साहेब, भायेर बसा, धूळ नाकात जाईल," असं तो दोनदा म्हणाला. माझ्या नाकाची ह्याला एवढी काळजी का, असं माझ्या मनात आलं. मग त्याला पाइपाचा एक एल्बो कमी पडला. बायको आतल्या खोलीत गुडघे शेकत पडली होती, म्हणजे बाजारात जायला मीच. मी जवळजवळ पळतच गेलो आणि आलो. तोवर सिंक बसलंही होतं आणि कडेने सिलिकॉनही भरून झालं होतं.

एवढी घाई कसली? माझा हात खिशात गेला. सिंकच्या आत, कोपऱ्यात चुंबक लावलं. ते धरलं.

"हे माझं सिंक नाही," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हणजे काय ते तुला माहीत. मी चुंबक लावून आणलं होतं. माझं कुठाय?"

मला वाटलं, आता हा आवाज चढवेल. त्याने मी आणलेला एल्बो उचलून बाजूला ठेवला, पाना पिशवीत टाकला. "साहेब, मी हितनं हाललो पन नाय," एवढंच म्हणाला आणि चपला घालून चालू लागला. खालचा पाइप जोडायचा तसाच राहिला.

आवाज ऐकून बायको भिंत धरत बाहेर आली. चोर कसा पकडला, हे मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जरा खाली वाकून बघा."

मोबाइलचा टॉर्च लावून मी ओट्याखाली शिरलो. सिंकच्या पालथ्या बुडाला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, जरा फराटलेली, पण स्पष्ट. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय बायको ती वापरत नाही. आदल्या संध्याकाळी मी बाहेर गेलो असताना तिने लावलं होतं. "वरून लावलं तर कुंकवावर खरकटं पडेल, म्हणून खालून लावलं," ती म्हणाली. "माझीच बोटं आहेत. आता त्यालाही चुंबक लावता का?"

मी पेणच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "कोपऱ्यात लावलंत ना? पत्रा दाबून कोपरे काढतात, तिथे चांगलं स्टीलसुद्धा थोडं धरतं. काठाला लावून बघा." लावलं. घसरून पडलं. इतकी वर्षं स्टोअरमध्ये काढली, पण हे मला ठाऊक नव्हतं, कारण कोणाला विचारायची वेळच मी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

"जा, त्याला बोलवून आणा," बायको म्हणाली. प्लंबर फोन उचलेना. मग उठून निडीला जाणं एवढंच उरलं होतं, आणि तेच मी टाळलं. आज पाऊस आहे, उद्या मखर करायचंय, अशी कारणं मला रोज सापडत गेली. दुसऱ्या एका प्लंबरला विचारलं तर तो गणपतीनंतरचं बोलायला लागला. मला स्टोअरमधले पाने मोजता येतात, चालवता येत नाहीत.

गौरीच्या दिवशी पाहुणे जेवून गेले आणि बायको मोरीत बसली. मी घासतो म्हटलं तर, "तुमचं घासलेलं मला परत घासावं लागेल," म्हणाली. ओट्यावर नवं सिंक कोरडंठाक चमकत होतं. शेवटी मोदकपात्र धुऊन झालं आणि तिला उठता येईना. मी काखेत हात घालून तिला उभं केलं. मला माझी इतकी लाज वाटली, की मी तसाच स्कूटरला किक मारली आणि निडीला गेलो.

प्लंबर ओटीवर बसला होता. "चुंबक आनलंय काय?" त्याने विचारलं.

"नाही. माझी चूक झाली," मी म्हणालो. हे तीन शब्द मी कधी कोणाला म्हटले होते, मला आठवत नाही.

"घरात इचारतात, काम अर्धा टाकून का आलास. काय सांगू त्यांना?" मग तोच म्हणाला, "उद्या येतो. वयनींसाठी येतो, तुमच्यासाठी नाय."

तो आला. ह्या वेळी मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. अर्ध्या तासात काम झालं. बायकोने नळ सोडला आणि उभ्याने मोदकपात्र धुतलं, धुतलेलंच परत धुतलं. पात्र सिंकमध्ये अगदी बरोबर मावलं. तिने त्याला चहा दिला, तो त्याने घेतला. मग निघताना दारात त्याने पिशवी खाली ठेवली, तिची चेन पूर्ण उघडली आणि तोंड माझ्याकडे केलं. पाना, टेप, कटर, जेवणाचा डबा. डब्याचंही झाकण काढून दाखवलं.

"बघून घ्या, साहेब."

नको रे, असं म्हणायचं होतं मला. पण ते तोंडातून निघायच्या आत माझी नजर पिशवीत तळापर्यंत जाऊन आली होती, आणि ती जाऊन आलेली त्याने बघितली. त्याने चेन लावली आणि तो गेला.

चुंबक माझ्या खिशातच होतं. कंपनीचं चुंबक. तेही त्याच गेटमधून बाहेर आलं होतं, आणि माझी पिशवी कधी कोणी उघडून बघितली नव्हती.