पुरीबाई

आमचे रंगाकाका काल गेले. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

ही पोस्ट आईच्या सांगण्यावरून लिहितेय. ती मिरजेहून फोनवर म्हणाली, "तुझ्या त्या फेसबुकवर त्यांच्यासाठी चार चांगले शब्द लिही."

प्रयत्न करते.

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझं सासर कुंभकोणमचं. मराठी राजांच्या काळात इकडे आलेली माणसं. घरात जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

काका दोन्ही भाषा फर्ड्या बोलायचे. तिसरी भाषा टोमण्यांची.

"हें सार कीं पाय धुवायाचें पाणी?" हे मला, पाहुण्यांसमोर, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात.

माझा मुलगा सहा महिन्यांचा झाला तेव्हा आई त्याच्या उष्टावणासाठी आली. मला भाऊ नाही, म्हणजे मुलाला मामा नाही. म्हणून पहिला घास आजीने भरवायचा असं ठरलं होतं. चांदीची वाटी पदराखाली जपत, गाड्या बदलत बदलत आली बाई.

आदल्या दिवशी आम्ही तिरुक्करुगावूरला देवीचा नवस फेडला. परत आल्यावर इथल्या एका देवळाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये गेलो. शुद्ध शाकाहारी, केळीचं पान, वाढपी बादल्या घेऊन फिरतात. काकांचा रोजचा अड्डा.

बाळ रडायला लागलं म्हणून मी त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसले. टेबलापाशी राहिले काका आणि आई.

इडली, पोंगल खाऊन आईचं पोट भरलं. वाढपी परत आला. आई म्हणाली, "पुरे."

त्याने पुऱ्या आणून वाढल्या.

आई घाबरली. "पुरे, पुरे."

त्याने आणखी वाढल्या.

तमिळमध्ये पुरे म्हणायचं तर "पोदुम". आईला कुठून माहीत असणार? काकांना माहीत होतं. वाढप्यालाही शंका आली. त्याने काकांनाच विचारलं, बाई खरंच अजून पुरी मागतायत का?

काका मान डोलवत म्हणाले, "आमां, आमां."

म्हणजे हो, हो.

आई पानात टाकणाऱ्यांतली नाही. त्यातून देवाच्या दारातलं अन्न. डायबेटिस आहे हे विसरून ती खात राहिली. मी आत आले तेव्हा ती घामाघूम होऊन शेवटची पुरी पाण्याबरोबर गिळत होती आणि काका रुमालाने डोळे पुसत होते. मला वाटलं ठसका लागला.

हे सगळं मला कसं कळलं? काकांनीच सांगितलं. पुढची कित्येक वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, आईचा आवाज काढून, फुल ॲक्टिंग करून. लोक पोट धरून हसायचे. माझा नवराही हसायचा. (तो हे वाचणार आहे. वाच.)

दुसऱ्या दिवशी आईला उठवेना. उलट्या, चक्कर, शुगर वाढलेली. ती आतल्या खोलीत पडून आणि बाहेर मुहूर्त टळायला आलेला. काकांनी तिने आणलेली वाटी उचलली.

"पुरीबाईंचें पोट भरलें आहे. आतां मीच भरवितों."

माझ्या मुलाच्या तोंडात पहिला घास त्या हातून गेला.

त्यानंतर आईचं इकडे येणं झालंच नाही. आधी गुडघे, मग डोळे.

गेल्या वर्षी काकांना स्ट्रोक आला आणि त्यांची तमिळ पार पुसली गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. उरली फक्त घरातली मराठी, तीही तुटक. दिवसा त्यांचं करायला सेल्वी यायची. तिला मराठीचं अक्षर येत नाही.

एकदा ती त्यांना चमच्याने पेज भरवत होती. काका म्हणाले, "पुरे."

सेल्वीने मला हाक मारली. "अम्मा, अय्या पुरी मागतायत."

मी दारात येऊन उभी राहिले. काका माझ्याकडेच बघत होते. "पुरे. पुरे."

मी म्हटलं, "आमां, आमां."

सेल्वीने अजून एक चमचा तोंडात घातला. पेज हनुवटीवरून ओघळली.

मग मी म्हणाले, "पोदुम, सेल्वी." आणि त्यांचं तोंड पुसलं.

एक चमचा जास्त. एवढंच. पण त्यांना कळलं, डोळ्यांत दिसलं. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. खोटं कशाला लिहू?

काल आईला फोन केला तेव्हा ठरवलं होतं, आता माणूसच उरला नाही तर तिला खरं काय ते सांगून टाकायचं. इतकी वर्षं तोंड शिवून बसले होते.

काका गेले एवढंच सांगून झालं होतं, तोच आई म्हणाली, "मला पुरीबाई म्हणायचे गं. किती गोड बोलणं. मी जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवले. हिला अजून वाढा, म्हणून कुणी वाढप्याला सांगितलं असेल तर त्या एकट्या माणसाने. मान हलवून हलवून सांगत होते. मलाच मेलीला पचलं नाही."



मी म्हटलं, "हो आई. आग्रह फार करायचे."

आई फेसबुकवर नाही. मिरजेच्या मैत्रिणींनो, तिला हे वाचून दाखवू नका. विचारलंच तर सांगा, लेकीने फार छान लिहिलंय.

काका, आईकडून तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.

माझ्याकडून पुरे.