दोन्ही हातांनी दिलेलं फुलपात्र

१९५८ सालच्या जानेवारीतला तिसरा रविवार, संध्याकाळी सहाच्या सुमारास. जागा बेंगळूर, चामराजपेठ, आमच्या मराठी मंडळाच्या चिटणिसांचा दिवाणखाना. हजर पुरुष मला धरून बावीस. बायका आतल्या दाराच्या पडद्याआड होत्या, त्या मोजता आल्या नाहीत. माझे तीस रुपये चिटणिसांकडे जमा होते. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांची अनामत.

मी उभा होतो. दोन्ही हातांत चांदीचं फुलपात्र, पाण्यानं भरलेलं. समोर खुर्चीत चिटणीस. मी ते त्यांना देत होतो. ते घेत नव्हते.

पाणी हलत होतं. कुणीतरी खोकलं.

"ठेवा," ते म्हणाले. "तिथं ठेवा, हवालदार."

पडद्याआडून बाईचा आवाज आला, "अय्यो, ओठ लावले की हो त्यांनी!"

मी टेबलावर ठेवलं.

एवढंच घडलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी बाहेर काढलं नाही. नंतर टाळ्यासुद्धा झाल्या. म्हणून हे क्रमानं सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, यात झालं काय?

मी बेळगाव जिल्ह्यातला. जातीनं महार. कोरियात लढाई चालू होती तेव्हा आपल्या सरकारनं तिकडे जे वैद्यकीय पथक पाठवलं, त्यात मी भांडार सांभाळणारा हवालदार होतो. परत आलो, सैन्यातून सुटलो आणि बेंगळूरच्या एका कारखान्यात भांडारातच कारकून झालो. के. आर. पुरमला स्टेशनच्या मागे आम्ही चौघे पुरुष एका खोलीत राहत होतो. बायको आणि सात वर्षांची मुलगी गावी. जूनच्या आत घर बघायचं आणि मुलीला इथल्या शाळेत घालायचं, हे ठरलेलं होतं.

घर मिळत नव्हतं. हेब्बाळला पाहिलं, बसवनगुडीत पाहिलं, मल्लेश्वरमला पाहिलं. भाडं आवाक्यातलं, मालक गोड बोलणारा, कॉफीही पुढे यायची. मग विचारायचा, "आपण कोण म्हणायचे?" मी सांगायचो. मग घर मेहुण्याला लागायचं. बेंगळुरातल्या मेहुण्यांना किती घरं लागतात हे मला त्या वर्षी कळलं.

चिटणिसांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं. घरातली मराठी जुनी, तिच्यात कन्नड मुरलेलं. मंडळात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनीही विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "असू दे हो. इथं आपण सगळे मराठी, बस्स." हे वाक्य मी गावी बायकोला पाठवलेल्या पत्रात जसंच्या तसं लिहिलं होतं.

तिथं सगळ्यांना कॉफी पितळी लोट्यातून यायची. मला काचेच्या ग्लासातून. हिरवी रेघ असलेला ग्लास. सैन्यात काचेचा ग्लास साहेबांना मिळायचा, आम्हाला टिनपाट. मी तो मान समजलो. कोरिया पाहून आलेला माणूस म्हणून देत असतील. वर्षभर मी मान समजून कॉफी प्यालो.

मागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा अण्णाच म्हणाले, "तुम्ही या." भाडं महिना पंधरा. अंगणात नळ. शाळा पलीकडच्या गल्लीत. मी गावी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं भाडं विचारलं नाही, खोल्या केवढ्या तेही विचारलं नाही. म्हणाली, "नळाला आपला हात लागलेला चालंल न्हवं? तेवढं इचारून घ्या." गावात तिला विहिरीपाशी घागर घेऊन उभं राहावं लागायचं, कुणी ओतेल तोवर. मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, "ते गाव नाही, बेंगळूर आहे." आणि विचारलं नाही.

अनामत दिली. पुढच्या रविवारी मंडळात माझं भाषण ठेवलं होतं. विषय, कोरियातले लोक आणि त्यांच्या रीती.

मी भाषण करणारा माणूस नाही. पाहिलं ते सांगितलं. तिथं माणूस भेटला की आधी वय विचारतो. एका वर्षानं मोठा असला तरी बोलण्याची भाषा बदलते, वाकण्याची खोली बदलते. म्हाताऱ्यासमोर तरणा माणूस विडी ओढत नाही. आमचा काळा रंग बघून पोरं जवळ यायची आणि रंग निघतो का म्हणून हातावर बोट घासून बघायची. मोठी माणसं त्यांना रागवायची आणि मग स्वतः चोरून बघायची. दिवाणखाना हसला. मलाही बरं वाटलं.

मग खाटकाची गोष्ट सांगितली.

आमच्या दवाखान्याजवळ एक खेडं होतं. खेड्याच्या टोकाला एक घर, गुरं कापणाऱ्याचं. तो सत्तरीचा म्हातारा हात कापून घेऊन आमच्याकडे आला. आमचा दुभाषा किम, वय चोवीस, फार अदबीचा पोरगा. पण या म्हाताऱ्याशी अरेतुरेनं बोलला आणि दोन हात लांब उभा राहिला. मी विचारलं, "वयाचा मान कुठं गेला?" किम म्हणाला, "तो खाटकाच्या घरातला आहे." कायद्यानं हे केव्हाच बंद झालंय, हेही त्यानंच सांगितलं. मी त्या म्हाताऱ्याला टिनपाटात चहा दिला. तो कोपऱ्यात पाठ करून प्याला. मग ओठ लागलेली कड बाहीनं पुसली आणि टिनपाट माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवलं.

दिवाणखान्यात च्च् च्च् झालं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "काय हो हे लोक! माणसाला माणूस शिवत नाही?" अण्णा म्हणाले, "शिक्षण नाही ना, दुसरं काय." सगळ्यांनी माना हलवल्या.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ते टिनपाट जमिनीवर ठेवणं मला ओळखीचं होतं. माझा बाप पाटलाच्या दारात टोपली तसाच ठेवायचा. आधी धोतरानं पुसायचा, मग ठेवायचा, मग चार पावलं मागे सरायचा. त्या दिवशी मी कोरियात उभा होतो आणि मला माझा बाप दिसला होता. हे बोलायला तोंड उघडलं नाही. तीस रुपये जमा होते. जून जवळ येत होता.

विषय जरा हलका व्हावा म्हणून मी दुसरं सांगितलं. त्याच गावातल्या एका शेतकऱ्याची सून आमच्या डॉक्टरांनी वाचवली. त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्यात मान द्यायची रीत अशी की यजमान आपलं भांडं स्वतः पिऊन रिकामं करतो, तेच भांडं दोन्ही हातांनी पाहुण्याला देतो आणि भरतो. एकच भांडं, माणसामाणसातून फिरतं. त्या शेतकऱ्यानं त्याचं भांडं मला दिलं. ज्याची नातवंडं माझ्या हातावर बोट घासून बघत होती, त्यानं.

मास्तर म्हणाले, "दाखवा की, कसं देतात ते!"

अण्णांपुढच्या टेबलावर त्यांचा तांब्या आणि चांदीचं फुलपात्र होतं. माझा काचेचा ग्लास खिडकीत होता. मी जे हाताशी होतं ते उचललं. पाणी ओतलं, प्यालो. इकडे सगळे भांडं उंच धरून वरून पितात. मी तिकडची रीत दाखवत होतो, म्हणून ओठ लावून प्यालो. पुन्हा भरलं आणि दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरलं. मंडळात वयानं आणि मानानं तेच मोठे.

त्यांचा हात खरंच वर आला होता. अर्ध्यावर आला, मग उपरणं सारखं करायला वळला.

पुढचं वर सांगितलंच आहे.

मग एका वकिलांनी आभार मानले. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "आपल्या घटनेनं अस्पृश्यता नष्ट केली. कोरियासारख्या देशांना मात्र अजून पुष्कळ वाट चालायची आहे." टाळ्या झाल्या. फुलपात्र टेबलावर तसंच भरलेलं होतं. त्याच्या आजूबाजूची माणसं खुर्च्या जरा मागे सरकवून टाळ्या वाजवत होती. मग कॉफी आली. माझी हिरव्या रेघेच्या ग्लासात. त्या दिवशी मला तो ग्लास पहिल्यांदा दिसला. मी घेतला नाही. मुलगा ट्रे धरून थांबला, मग निघून गेला.

के. आर. पुरमला परत जाताना मी स्वतःला सांगत होतो, पाण्याचा प्रश्न आहे, घराचा नाही. माणूस चांगला आहे. सवय जायला वेळ लागतो. असं मी आठवडाभर सांगत राहिलो.

पुढच्या रविवारी किल्ली घ्यायला गेलो. अण्णा बाहेरच्या कट्ट्यावर होते. त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे अक्का म्हणत, सुपात तांदूळ निवडत होत्या.

"हवालदार, स्वल्प अडचण झाली हो," अण्णा म्हणाले. "खोल्या भाच्याला लागतायत."

त्यांनी कनवटीतून नोटा काढल्या आणि कट्ट्यावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, एकेक करून ठेवल्या. मी उभ्या उभ्याच मोजल्या. अठ्ठावीस.

"दोन कमी आहेत."

अण्णा रस्त्याकडे बघू लागले. उत्तर अक्कांनी दिलं. "ते फुलपात्राचे. सोनाराकडे घातलं, विस्तवातून काढून उजळून आणलं. आमच्या मामंजींचं हो ते, नाहीतर मी काही बोलले नसते."

"म्हणजे आता शुद्ध झालं?"

"झालं म्हणजे... झालंच की."

"मग आज अण्णा त्यातून पाणी प्याले का?"

सुपातला हात थांबला. "कपाटात ठेवलंय. मन होत नाही बघा."

"अक्का, दोन्हीपैकी एक सांगा. शुद्ध झालं असेल तर वापरा. झालं नसेल तर माझे दोन रुपये कशाचे?"

"वाद नको," अण्णा म्हणाले आणि दोन रुपये काढून त्याच नोटांवर ठेवले. "झालं समाधान?"

मला तेव्हा बायकोचा प्रश्न आठवला. घर गेलंच होतं, आता विचारायला काही हरकत नव्हती.

"अक्का, माझी बायको इथं राहायला आली असती, तर अंगणातला नळ तिला चालला असता का?"

"अय्यो, पाण्याला मी नाही म्हणेन का?" अक्का मनापासून दुखावल्या. "मी स्वतः काढून घातलं असतं की तिच्या घागरीत. मी काय दुष्ट आहे?"

दुष्ट नव्हत्याच त्या. गावातल्या बायकाही नव्हत्या. माझी बायको इथंही घागर घेऊन उभी राहिली असती, फक्त विहिरीऐवजी नळापाशी. महिना पंधरा रुपये भरून. आणि माझी मुलगी ते बघत शाळेत गेली असती. भाच्यानं माझं घर घेतलं नव्हतं. ते घर मला कधी मिळालेलंच नव्हतं. आठवडाभर मी स्वतःला जे सांगत होतो, ते सगळं तिथं संपलं.

"ते फुलपात्र मला विकत द्या," मी म्हणालो.

"काय?"

"तुम्ही वापरणार नाही. मी वापरीन. चांदीच्या भावानं द्या."

अण्णा चिडले. "हवालदार, तुम्ही डोक्यात राख घालून घेताय."

"तुम्ही ते कपाटात ठेवून काय करणार, अण्णा? दर वर्षी विस्तवातून काढणार?"

अक्का उठल्या. आत गेल्या. पदरानं धरून फुलपात्र आणलं आणि कट्ट्यावर ठेवलं. "देऊन टाका हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घरात असलं की सारखं तिकडेच लक्ष जातं."

वजन अण्णांना तोंडपाठ होतं. बारा तोळे. तोळ्याला दोन रुपये धरले, चोवीस. त्यावर त्यांनी स्वतःच घडणावळीचे दोन लावले. सव्वीस. मी घासाघीस केली नाही.

फुलपात्र मी उचलून पिशवीत घातलं. कट्ट्यावरच्या तीस रुपयांतून सव्वीस मोजून काढले.

"ठेवा," अण्णा म्हणाले. "तिथं ठेवा."

माझा बाप ठेवायचा. तो कोरियातला म्हातारा ठेवायचा. मागच्या रविवारी मीही ठेवलं होतं. मी नोटा दोन्ही हातांनी पुढे धरल्या आणि तसाच उभा राहिलो.

समोरच्या घरातली बाई दारात येऊन बघू लागली. सायकलवरून जाणारा एक माणूस पाय टेकून थांबला. अण्णा म्हणाले, "अहो, ठेवा म्हटलं ना." माझे हात दुखायला लागले, तरी खाली घेतले नाहीत. मनात एकच होतं. यापुढे कुणाच्या पायरीवर काही ठेवायचं नाही आणि कुणी पायरीवर ठेवलेलं उचलायचं नाही. घर के. आर. पुरमला मिळेल, नाहीतर त्याच्याही पलीकडे मिळेल. नळ लांब असेल, पण तिथं माझ्या बायकोचा हात पोचेल. आणि माझ्या घरी जो येईल त्याला याच फुलपात्रातून पाणी मिळेल, आधी मी पिऊन, दोन्ही हातांनी. ज्याला घेता येणार नाही त्यानं बसू नये.

शेवटी अण्णांचा हात आला. या वेळी अर्ध्यावरून वळला नाही.

दिले ते रुपये सव्वीस. चामराजपेठेतल्या अण्णांना. हातात.