पहिली आंघोळ

मानेवर गाठ आली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. सातपूरच्या एका कारखान्यात मला नुकती नोकरी लागली होती. गाठ दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतली नाही. आधी शेकून पाहिलं, मग लेप झाले. अखेर मुंबईच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर सांगितला, तोवर ती लिंबाएवढी झाली होती.

आमचं घर नाशिकच्या बाहेर, झेंडूच्या मळ्यात. घरात रोगाचं नाव कुणी घेत नसे. ‘त्याला ते झालंय,’ एवढंच. पण माझं ताट-पेला वेगळा झाला, अंथरूण ओसरीवर आलं आणि वहिनीने तान्हं बाळ माझ्या मांडीवर देणं बंद केलं. ते लागट असतं, एकाचं दुसऱ्याला होतं, असं काकूने सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. आईसुद्धा ताट लांबून सरकवायची. खरं सांगतो, मला त्या दिवसांत रोगापेक्षा माझ्या माणसांचाच राग जास्त यायचा. तोंड उघडलं की कुसकंच निघायचं.

मुंबईत वडिलांबरोबर एका धर्मशाळेत राहून मी ‘लाईट’ घ्यायला लागलो. किरणांच्या उपचाराला तिथले पेशंट लाईटच म्हणत. पहिल्याच दिवशी तिथल्या माणसाने माझ्या मानेवर, छातीवर, पाठीवर जांभळ्या शाईने रेघा आखल्या आणि दोनदा बजावलं, की ह्यांना पाणी, तेल, साबण काही लागता कामा नये. कातडी भाजलेली असते, चोळलीत तर सोलून निघेल. वडील तेव्हा बाहेर बाकावर बसले होते. म्हणजे हे ऐकणारा मी एकटाच.

दिवाळीला चार दिवस सुट्टी मिळाली म्हणून घरी आलो. आईने रेघा पाहिल्या आणि विचारलं, “हे काय रे काढलंय?”

“खुणा आहेत,” मी तुसडेपणाने म्हणालो. पुढे काही सांगितलं नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे तिने मला हाक मारली. न्हाणीत पाट मांडला होता, हंड्यात पाणी कढत होतं, वाटीत तेल आणि उटणं होतं.

“ऊठ, पहिली आंघोळ हाय. आज अंगाला तेल नाय लागलं तर नरकात जातंय माणूस.”

“काकू काय म्हणेल?”

“म्हणू दे. काय व्हायचं ते माझं होईल.”

तिने मला पाटावर बसवलं आणि माझ्या डोक्यावर, मग मानेवर तेल घातलं. दोन महिन्यांत मला घरच्या कुणाचा हात लागला नव्हता. तिने उटणं चोळायला घेतलं तसं आग आग झाली. खाली पाहिलं तर पाटावरून जांभळं पाणी मोरीकडे चाललं होतं. मला सगळं कळत होतं. ‘आई, थांब,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी मान आणखी खाली वाकवली.

भाऊबीजेपर्यंत मानेची कातडी सोलून निघाली. मुंबईला आई हट्टाने बरोबर आली. डॉक्टरांनी विचारलं, “कुणी केलं हे?”

“मी,” ती म्हणाली.

“सांगितलेलं असताना? पोराच्या जिवावर उठलात की काय, बाई?”

तिला कुणी सांगितलं होतं? मी फरशीकडे बघत राहिलो. जखमा भरेपर्यंत तीन आठवडे लाईट बंद राहिली.

दोन वर्षांनी काखेत गाठ आली. मग इंजेक्शनं, ओकाऱ्या, केस गेले. त्या तीन आठवड्यांमुळेच रोग उलटला का, असं आईने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “तसं सांगता येत नाही.” आईने त्याचा अर्थ हो असाच घेतला.

मी जगलो. पण त्यानंतर आईने कुणाच्या अंगाला तेल लावलं नाही, नातवंडांच्यासुद्धा नाही. पहिल्या आंघोळीच्या पहाटे ती वाटी वहिनीच्या हातात द्यायची आणि फुलं तोडायला मळ्यात निघून जायची. आल्यागेल्याला सांगायची, “माझा हात वाईट. ह्याच्या जिवावर मीच उठले होते.” मी तिथेच बसलेला असायचो. दर दिवाळीला ठरवायचो, की यंदा तिला खरं सांगून टाकू.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी एकदा तेलाची वाटी घेऊन तिच्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, “आई, जरा डोक्याला लाव ना.”

तिने हात गोधडीत ओढून घेतला. “नको रे बाबा. आता कुठं बरा झालास.”

मला बरं होऊन सात वर्षं झाली होती. मी वाटी उचलून फळीवर ठेवली आणि तेव्हाही काही बोललो नाही.