जिन्याखालची इस्त्री

गोंदियाच्या बाजारातल्या एका तीनमजली कपड्याच्या दुकानात मी मॅनेजर आहे. वय पन्नाशीकडे झुकलंय आणि बोलणं आधीपासूनच कमी. कमी बोलणाऱ्याला लोक प्रामाणिक समजतात. त्या समजाचा मी फायदा घेतला, हे आता लिहून टाकतो.

त्या उन्हाळ्यात विजेचं बिल फुगलं. आमचा शेठ माझ्याहून लहान, वडिलांच्या मागे गादीवर बसलेला. बिल माझ्यासमोर धरून म्हणाला, "भैया, बिजली कोई पी रहा है. देखो ज़रा, कौन है."

'कोण' म्हटल्यावर मी माणूस शोधायला लागलो.

जिन्याखाली एक बाई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. कुडव्याहून स्कुटीवर यायची. नवरा वारलेला, घर तिच्या त्या कोपऱ्यावर चालत होतं. आमच्याकडे साडी घेतली की गिऱ्हाईक फॉल तिथंच टाकून जाई. शिलाई यंत्राला छोटी मोटर, बाजूला इस्त्री, आणि नेमका तिच्या डोक्यावर मीटर.

मी तिच्यावर नजर ठेवली. ती चहाला गेली की इस्त्रीच्या तळाशी हात धरून बघायचो. डब्यातली भाजी वाफाळलेली दिसली की वाटायचं, शेगडी लपवली असणार. मोबाइल चार्जिंगला दिसला की तोही मनात जमा. एकदा तिनं मागून येऊन पकडलंच.

"कायले हात लावून पायता, भाऊ? सदरा चुरगळला असंन त आणा, मारून ठेवीन इस्तरी."

साडी विभागातल्या पोरी हसल्या. मी काउंटरवर जाऊन बसलो. संशय मात्र वाढला. एवढं हसून बोलते म्हणजे नक्कीच काहीतरी असेल.

दाराचं सांगायचं राहिलं. मुद्दामच मागं ठेवलं होतं.

काचेचं दार उघडं ठेवायची युक्ती माझी. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, रस्ता भट्टीसारखा तापतो. कापडाच्या थानाच्या आतला पुठ्ठ्याचा नळ दारात अडकवला की गार हवा सरळ फुटपाथवर जायची. जाणारे-येणारे क्षणभर थांबायचे आणि मग आत शिरायचे. एसी सगळ्यात खालच्या आकड्यावर. शेठनं सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती.

मग ती बाई उन्हाळी धान कापायला माहेरी गेली, चोरखमाऱ्याकडे. यंत्रावर चादर, इस्त्रीची वायर गुंडाळलेली. मी मीटरसमोर उभा राहिलो. लाल दिवा तितक्याच घाईनं लुकलुकत होता. वर एसी थांबायचं नाव घेत नव्हते आणि गार हवा माझ्या पायांवरून उघड्या दारातून रस्त्यावर चालली होती.

मला तिथंच कळलं. तरी गच्चीवर जाऊन वायरी तपासल्या, शेजारच्या दुकानानं आकडा टाकलाय का बघितलं. कुणीतरी सापडावं असं मनापासून वाटत होतं.

ती परत आली आणि शेठनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "नीचे इस्त्री तो चलती ही है."

एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते मला सोपं गेलं.

शेठनं तिला कोपरा रिकामा करायला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तिनं यंत्र हातगाडीवर चढवलं. जाताना माझ्यापाशी थांबली. "एवढं मोठं दुकान माह्या इस्तरीनंच थंड होऊन राहिलं होतं काय, भाऊ?"

मी बिलबुकात मान घातली.

बिल उतरलं नाही. शेवटी शेठनं नागपूरहून एक इंजिनिअर बोलावला, इमारतीची वीज कुठं वाया जाते ते तपासायला. तो आधी दाराशीच थांबला. "हे कुणी अडकवलं?" मी पुढं होऊन नळ काढला, जणू मलाही तो आजच दिसला. दार आपोआप मिटेल अशी सोय झाली, एसी चोवीसवर आले, हॅलोजन जाऊन एलईडी लागले, पश्चिमेच्या काचांना फिल्म बसली. बिल उतरलं. शेठनं पेढे वाटले. तिची आठवण कुणी काढली नाही. पोरी आपसात कुजबुजल्या की मला वाटायचं, माझ्याबद्दलच.

दिवाळीआधी मी कुडव्याला गेलो. ओसरीत तिचं यंत्र होतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत ऐकत होती.

"शेठले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राहिले? माह्यापाशी काय मीटर हाये?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच शेठला सांगितलं, दोष इस्त्रीचा नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. वाटलं, बोलवा म्हणेल तिला. त्यानं जिन्याखाली बघितलं. मग म्हणाला, "वहाँ तो अब इन्वर्टर की बैटरी रख दी."

"मेरा आधा काउंटर दे दीजिए उसको," मी म्हणालो.

"सोचते हैं." आणि मी वळल्यावर, "भैया, और क्या-क्या नहीं बताया?"

शेठचा विचार अजून चालू आहे. मी घरी निघताना त्याची नजर माझ्या पिशवीवर असते. साडी घेतलेल्या बायका फॉलचं विचारतात तेव्हा मी कुडव्यातलं घर सांगतो, खुणेसकट. काही जणी जातात. काही माझ्याकडे नीट निरखून बघतात, जणू तिच्याकडून मला कमिशन मिळत असावं.