काढलेल्या हाडाचा पिंड

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते... इतका माझा त्यावर विश्वास! पिरंगुटच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मोजल्याशिवाय काही खरं धरायचं नाही ही सवय. तरी हे लिहितेय, कारण घरात यावर कोणी बोलायला तयार नाही आणि मला भीती वाटतेय.

आम्ही राहतो तिथून जवळच, रिहे गावात. माझ्या नवऱ्याच्या डाव्या कमरेच्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी खुब्याच्या वाटीसकट अर्धं हाड काढलं आणि स्कॅनवरून मापात बनवलेलं टायटॅनियमचं बसवलं. ऑपरेशन उत्तम झालं. एक्स-रे बघून डॉक्टर स्वतःवरच खूश.

पण आमचे हे उभे राहीनात. म्हणायचे, "नवं न्हाई दुखत. जे काढलं ना, ते ठणकतंय." डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदूला सवय असते. गोळ्या बदलल्या, फिजिओ झाला... शेवटी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता चालले नाहीत तर कधीच चालणार नाहीत. मी तिथेच रडले.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी हॉस्पिटलात ते हाड मागितलं होतं. तपासणी झाली की नियमाने जाळतात, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून त्यांचं एकच — "माणूस जित्ता, आन् हाड पुढं गेलं. त्याच्या नावानं घास बी न्हाई ठिवला. मग ते ठणकंल न्हाई तर काय?"

"आत्या, जिवंत माणसाचा पिंड कोण ठेवतं?" मी चिडलेच.

"तू गप ऱ्हा. तुज्या डाक्टरानं काय दिवं लावलं?"

एका सकाळी त्यांनी खाचराच्या बांधावर भाताचा पिंड ठेवलाच. बांध ओटीसमोरच, आणि हे ओटीवर खाटेवर बसलेले. कावळे आले, आंब्यावर बसले... पण शिवेनात. एरवी पोरांच्या हातची भाकरी पळवणारे कावळे! आत्यांनी ह्यांचं नाव घेऊन हात जोडले, "माज्या दत्ताकडं मी बघन." काही नाही. धाकट्या दिरांनी ह्यांची शेती सांभाळायचा शब्द दिला. काही नाही. ऊन चढलं. एकही कावळा ओरडत नव्हता, आणि मला या सगळ्याचं हसू यायला हवं होतं, ते येईना.

तेवढ्यात मागून हे बोलले. अगदी शांतपणे, पाहुण्याला एसटीत बसवून देताना बोलावं तसं.

"तू हो पुढं. मी येतो मागनं."

बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

ह्यांनी खाटेला धरून पाय टेकवला. ठणका गेला, तो गेलाच. आता काठी घेऊन देवळापर्यंत जातात. आत्यांनी आळीत पेढे वाटले. डॉक्टर म्हणतात, फिजिओचा गुण. असेलही. रिपोर्ट साफ आहेत. पण नेमकं त्याच क्षणी दुखणं कसं थांबलं, ते मला आजही कळलेलं नाही.

परवा धीर करून विचारलं, "अहो, तेव्हा तुम्ही गमतीत बोललात ना?"

हे चपला घालत होते. "न्हाई," म्हणाले. "शब्द दिलाय मी."

आणि या माणसाने आजवर दिलेला शब्द कधी मोडलेला नाही.